फेलओव्हरच्या रात्री ‘लहान’ होणारी डिस्क: शेअर्ड लन आणि पॅसिव्ह नोडची जुनी माहिती

लक्षण ओळखीचं आहे. दोन नोडचा क्लस्टर (एकाच कामासाठी जोडलेले दोन सर्व्हर), मागे एक स्टोरेज, त्यावरची एक लन, म्हणजे डिस्क म्हणून दिलेला स्टोरेजचा तुकडा, दोन्ही नोडना दिलेली. महिनोन्महिने काही तक्रार नाही. मग पॅचिंगची रात्र येते, सर्व्हिस पहिल्या नोडवरून दुसऱ्यावर हलवतात (हाच फेलओव्हर) आणि दुसरा नोड हात वर करतो. व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कवरच्या व्हॉल्यूमचा गट) ॲक्टिव्हेट होत नाही, किंवा होतो पण त्यातला नेमका एक व्हॉल्यूम उठत नाही. सर्व्हिस पहिल्यावर परत आणली की सगळं ठणठणीत. तिकिटात ‘कधीमधी होतं, लक्ष ठेवून आहोत’ असं लिहून ते बंद करतात. पुढच्या तिमाहीत तोच प्रकार, फक्त तिकिटाचा नंबर नवा.

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असेल. पहिला संशय नेहमी स्टोरेजवर जातो, दुसरा क्लस्टरच्या सॉफ्टवेअरवर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. डिस्क एकच असली तरी तिच्याबद्दलची माहिती प्रत्येक नोड स्वतःकडे वेगळी ठेवतो: आकार किती, तिच्यापर्यंत पोचायचे रस्ते किती, नाव काय, वापरायला परवानगी आहे की नाही. सातबारा एकच, पण दोन भावांच्या घरी दोन नकला. एकीवर नवा फेरफार चढलेला, दुसरी तशीच जुनी. ॲक्टिव्ह, म्हणजे सर्व्हिस चालू असलेल्या नोडची नक्कल आपण रोज पाहतो. राखीव बसलेल्या पॅसिव्हची कोणी उघडून बघत नाही, ती थेट फेलओव्हरच्या रात्रीच उघडते.

कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. उदाहरणं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स (पुढे ‘रेल’) ८ आणि ९ धरून आहेत. रॉकी आणि अल्मा या त्याच धर्तीच्या लिनक्सवरही तेच चालतं.

आकाराचा घोळ

सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार हा. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचा डेटाबेस महापेच्या डेटा सेंटरमध्ये होता. जागा कमी पडली म्हणून लन ५०० जीबीची ८०० जीबी केली. चालू सर्व्हिसवर, एक मिनिटही बंद न ठेवता, रीतसर मंजुरी घेऊन. काम छान झालं. पुढच्या पॅचिंगला सर्व्हिस दुसऱ्या नोडवर गेली नाही. रात्रपाळीच्या मुलाला फोन लावला.

‘लन वाढवली तेव्हा रीस्कॅन केलं होतंस ना?’

‘हो सर, लगेच केलं होतं.’

‘दोन्ही नोडवर?’

‘ॲक्टिव्हवर केलं सर. पॅसिव्हवर डिस्क वापरात नव्हती ना.’

त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चेंज रिक्वेस्टमध्ये सर्व्हरचं नाव एकच होतं, पायऱ्या एकाच सर्व्हरच्या होत्या, आणि त्या त्याने बिनचूक केल्या होत्या.

दुसऱ्या नोडवर एलव्हीएम (लिनक्समधला व्हॉल्यूम सांभाळणारा भाग) काय म्हणत होता ते बघण्यासारखं आहे. त्याचा इशारा थोडक्यात असा: या डिव्हाइसचा आकार पीव्हीच्या (एलव्हीएमच्या ताब्यातल्या डिस्कच्या) नोंदलेल्या आकारापेक्षा कमी आहे, डिव्हाइसचा आकार बदलला का? प्रश्न अगदी सरळ विचारलेला असतो, पण पहाटे दोन वाजता पडद्यावर ‘वॉर्निंग’ दिसली की माणूस पुढचं वाक्य वाचतच नाही. त्याच्याच आगेमागे कर्नलच्या लॉगमध्ये डिव्हाइस मॅपरची ओळ असते, की अमुक डिव्हाइस टार्गेटसाठी फार लहान आहे. शेजारी सुरुवात, लांबी आणि डिव्हाइसचा आकार असे तीन आकडे.

खात्री करायला दोन्ही नोडवर त्या लनच्या कुठल्याही एका रस्त्याचा आकार वाचायचा:

कॅट /सिस/ब्लॉक/एसडीसी/साइझ

ही फाइल ५१२ बाइटच्या सेक्टरांत उत्तर देते. आमच्याकडे ॲक्टिव्ह नोडवर १६७७७२१६०० आलं, पॅसिव्हवर १०४८५७६०००. एका जीबीचे २०९७१५२ सेक्टर, म्हणजे पहिला आकडा बरोबर ८०० आणि दुसरा बरोबर ५००. लन एकच, डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनचा कायमचा ओळख क्रमांक) एकच, आकार दोन. यापुढे स्टोरेजच्या टीमला झोपेतून उठवायचं कारण उरत नाही.

असं का होतं? लिनक्सचा कर्नल डिस्कची क्षमता ती डिस्क पहिल्यांदा सापडते तेव्हा विचारून घेतो आणि मग तीच धरून चालतो. स्टोरेजवर लन वाढवली की स्टोरेज ‘क्षमता बदलली आहे’ असा निरोप प्रत्येक नोडला पाठवतं. कर्नल तो निरोप लॉगमध्ये लिहितो, डिव्हाइसची दखल घेणाऱ्या यूडेव्हलाही कळवतो, पण नवा आकार स्वतःहून वाचून घेत नाही. म्हणून पॅसिव्ह नोडच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘कपॅसिटी डेटा हॅज चेंज्ड’ असं शोधा. बऱ्याचदा लन वाढवल्याच्याच तारखेची ओळ तिथे पडलेली सापडते. मधे नोड रीबूट झाला असेल तर घोळ आपोआप मिटतो, आणि म्हणूनच हा प्रॉब्लेम ‘कधी येतो कधी नाही’ असा वाटतो.

त्याला ‘कधीमधी’ चेहरा देणारं आणखी एक कारण आहे. वाढीव जागा अजून कुठल्या व्हॉल्यूमला दिलेलीच नसेल, तर जुने व्हॉल्यूम जुन्या ५०० जीबीच्या आतच असतात आणि इशारा देत का होईना, दुसऱ्या नोडवर उठतात. एकदा का कोणी एलव्ही (ग्रुपमधला एखादा व्हॉल्यूम) वाढवला आणि त्याचा तुकडा ५०० च्या पलीकडे गेला, की तो एकच व्हॉल्यूम अडतो आणि बाकीचे चालतात. लन जानेवारीत वाढवलेली, एलव्ही मार्चमध्ये, फेलओव्हर जूनमध्ये. जूनच्या रात्री जानेवारीचं तिकीट कोणाला आठवणार?

उपाय छोटा आहे. पॅसिव्ह नोडवर, त्या लनच्या प्रत्येक रस्त्यासाठी:

इको १ > /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/रीस्कॅन

चार रस्ते असतील तर चार वेळा, प्रत्येकाच्या एसडी-नावानिशी. एक जरी राहिला तरी मल्टीपाथ (लनचे सगळे रस्ते एका ‘मॅप’मध्ये बांधणारा भाग) नवा आकार स्वीकारत नाही, कारण एकाच मॅपमधले सगळे रस्ते सारख्याच आकाराचे हवेत. मग:

मल्टीपाथडी रिसाइझ मॅप डेटाव्हॉल

पॅसिव्हवर एवढंच. पीव्हीरिसाइझ तिथे करायचं नाही. ते ॲक्टिव्ह नोडवर एकदाच होतं, कारण पीव्हीचा आकार डिस्कवरच्याच मेटाडेटामध्ये लिहिला जातो आणि तो दोघांना समान आहे. जुनाच आकार डोक्यात असलेल्या नोडवर पीव्हीरिसाइझ मारलं, तर एलव्हीएम पीव्ही लहान करायला बघतो. पुढच्या एक्स्टेंटवर (तुकड्यांवर) डेटा असेल तर तो नकार देतो, हे नशीब. त्या नकारावर विसंबून राहू नये. आणि एक्सएफएस फाइलसिस्टमवर घाईघाईत एक्सएफएस-रिपेअर, तेही मोठ्या ‘एल’चा पर्याय देऊन, मुळीच नाही. तो पर्याय लॉग पुसून टाकतो. इथे फाइलसिस्टमला काही झालेलंच नसतं; नोडला ती पूर्ण दिसत नाही एवढंच.

एसजी३-यूटिल्समधली रीस्कॅन-स्कझी-बस ही स्क्रिप्ट छोट्या ‘एस’चा पर्याय दिला की वाढलेल्या डिस्क शोधून मल्टीपाथही ताजं करते. चालते चांगली. तिच्याच छोट्या ‘आर’ पर्यायापासून मात्र प्रॉडक्शनवर दूर राहा; तो डिव्हाइस काढून टाकायची मोकळीक देतो.

लन वाढवण्याचा क्रम मग असा ठेवायचा: आधी स्टोरेजवर, मग प्रत्येक नोडवर रीस्कॅन आणि मॅप रिसाइझ, दोन्हीकडचा आकडा जुळला की ॲक्टिव्ह नोडवर पीव्हीरिसाइझ, आणि शेवटी

एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/व्हीजीडेटा/एलव्हीडेटा

यातला ‘एल’ छोटा. ‘आर’मुळे फाइलसिस्टमही बरोबरच वाढते. पॅसिव्ह नोड आधी, पीव्हीरिसाइझ नंतर; हा क्रम पाळला तर दोन नोडची माहिती वेगळी पडायला मधे जागाच राहत नाही.

एवढं करूनही पेसमेकर (क्लस्टर चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हिस दुसऱ्या नोडवर न्यायला तयार नसेल तर गोंधळू नका. एखादा रिसोर्स स्टार्ट होतानाच पडला, तर पेसमेकर मुळात तो नोड त्या रिसोर्ससाठी वर्ज्य ठरवतो आणि कोणी ‘पीसीएस रिसोर्स क्लीनअप’ करेपर्यंत ते लक्षात ठेवतो. दुरुस्ती झाल्यावर क्लीनअप, मग पीसीएस स्टेटस, मग पुन्हा हलवून बघायचं.

‘पीव्हीएस’मध्ये डिस्कच दिसत नाही

रेल ९ आल्यापासून ही तक्रार वाढली. नवी लन दोन्ही नोडना दिली, ॲक्टिव्हवर व्हीजी (व्हॉल्यूम ग्रुप) बनवला, आणि पॅसिव्हवर पीव्हीएस (पीव्हींची यादी) मारलं तर काहीच नाही. मल्टीपाथ -एलएल मध्ये लन चारही रस्त्यांसकट व्यवस्थित. मग लन पुन्हा मॅप करा, झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल ते) तपासा, एचबीएचं (सर्व्हरमधल्या स्टोरेज कार्डाचं) फर्मवेअर बघा, अशी वरात निघते.

कारण एका फाइलमध्ये असतं. रेल ९ मध्ये एलव्हीएम मुळात डिव्हाइस फाइल वापरतो: /ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस/सिस्टम.डिव्हायसेस. तिच्यात नाव नसलेल्या डिस्ककडे एलव्हीएम ढुंकूनही बघत नाही. ॲक्टिव्हवर पीव्हीक्रिएट केलं तेव्हा तिथल्या फाइलमध्ये नोंद आपोआप पडली. पॅसिव्हवर ती पाडणारं कोणी नव्हतं.

एलव्हीएमडिव्हायसेस --ॲडडेव्ह /डेव्ह/मॅपर/डेटाव्हॉल

एक ओळ, काम झालं. रेल ७ किंवा ८ वरून आलेल्यांना हे खटकतं, कारण तिथे एलव्हीएम.कॉन्फमधल्या फिल्टरवर सगळं चालायचं. मला स्वतःला नवी पद्धत जास्त आवडते. फिल्टरमधलं एक रेग्युलर एक्स्प्रेशन चुकलं की निम्म्या डिस्क गायब व्हायच्या. इथे निदान यादी उघडून वाचता येते.

पण इथे एक फसवं वळण आहे. क्लस्टरमधला व्हीजी सिस्टम आयडीने (मालक नोडच्या नोंदीने) बांधलेला असेल, तर पॅसिव्ह नोडवर साध्या व्हीजीएसमध्ये तो दिसत नाही, आणि ते अगदी योग्य आहे. तो व्हीजी त्या क्षणी दुसऱ्या नोडच्या मालकीचा असतो. बघायचाच असेल तर:

व्हीजीएस --फॉरेन

इथे दिसला तर सगळं ठीक, हात लावू नका. इथेही नसेल तर डिव्हाइस फाइल तपासा. मल्टीपाथ -एलएल मध्येसुद्धा नसेल, तरच स्टोरेज आणि झोनिंगकडे वळा. मी पाहिलेल्या बऱ्याच रात्री हा क्रम उलटा धरल्यामुळे वाया गेल्या. काही जण व्हीजी दिसत नाही म्हणून सिस्टम आयडीच जबरदस्तीने बदलतात आणि दोन्ही नोड एकाच व्हीजीचे मालक समजून बसतात. त्यानंतर जे होतं ते याच लेखात पुढे येईल.

नावं

मल्टीपाथमध्ये ‘यूजर फ्रेंडली नेम्स’ चालू असलं की एमपाथए, एमपाथबी अशी नावं मिळतात. ही नावं प्रत्येक नोड आपल्याला लन ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने देतो आणि /ईटीसी/मल्टीपाथ/बाइंडिंग्ज या स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. पहिल्या नोडचा एमपाथबी हा दुसऱ्या नोडचा एमपाथबी असेलच असं नाही. डॉक्युमेंटमध्ये ‘एमपाथबीवर फॉरमॅट करा’ असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या नोडवर एमपाथबी ही कोणाची तरी जिवंत लन निघते. एसडीबी, एसडीसी या नावांबद्दल तर बोलायलाच नको. रीबूटनंतर ती तशीच राहतील याची काही हमी नसते.

मल्टीपाथ.कॉन्फमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडी धरून प्रत्येक शेअर्ड लनला टोपणनाव द्या, दोन्ही नोडवर तेच. डेटाव्हॉल, आर्चव्हॉल, जे असेल ते. रूट डिस्क सॅनवर (स्टोरेजच्या नेटवर्कवर) असेल तर त्यानंतर ‘ड्रॅकट -एफ’ करायला विसरू नका. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात) कॉन्फिगरेशनची जुनी प्रत बसलेली असते आणि बूट होताना तीच वापरली जाते. ‘फाइल बदलली, रीबूट केलं, पुन्हा जुनंच’ या तक्रारीचं मूळ बहुतेक इथे सापडतं.

फक्त बघायचं होतं म्हणून

आता सगळ्यात महागडा प्रकार. ॲक्टिव्ह नोडवर सर्व्हिस चालू आहे. पॅसिव्हवर कोणाला तरी एक लॉग फाइल बघायची आहे. रीड-ओन्लीच तर माउंट करतोय, त्याने काय होणार?

होतं. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइलसिस्टम रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा, जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट दिसला तर तो आधी पूर्ण करून घेतात, म्हणजे डिस्कवर लिहितात. ॲक्टिव्ह नोडवर माउंट असलेल्या फाइलसिस्टमचा जर्नल बाहेरून बघणाऱ्याला अर्धवटच दिसणार. म्हणजे पॅसिव्ह नोड, ॲक्टिव्ह नोडच्या पाठीमागे, त्याला न विचारता, चालू फाइलसिस्टमवर लिहून मोकळा होतो. ॲक्टिव्हच्या मेमरीत वेगळं, डिस्कवर वेगळं. पुढे काही तासांनी किंवा काही दिवसांनी फाइलसिस्टम अचानक बंद पडते आणि तोपर्यंत कोणाला ते माउंट आठवतही नसतं.

जर्नल न चालवता माउंट करायचे पर्याय आहेत: ईएक्सटी४ ला ‘नोलोड’, एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’. पण समोरचा नोड खाली डिस्क बदलत असताना त्यातून जे दिसतं त्यावर भरवसा ठेवता येत नाही. फाइल बघायचीच असेल तर ॲक्टिव्ह नोडवर लॉगिन करा. डेटाची प्रतच हवी असेल तर स्टोरेजवर स्नॅपशॉट काढून तो तिसऱ्याच सर्व्हरला द्या, तिथे व्हीजीइम्पोर्टक्लोनने नवी ओळख द्या आणि एक्सएफएस असेल तर ‘नोयूयूआयडी’ने माउंट करा. स्नॅपशॉट त्याच नोडला दिला तर एकच पीव्ही दोनदा दिसल्याची तक्रार एलव्हीएम करतो आणि नवा गोंधळ सुरू होतो.

दोन्ही नोडवर एकाच वेळी खरोखर लिहायचं असेल तर जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइलसिस्टम हवी, सोबत नोडमधली कुलपं सांभाळणारे डीएलएम आणि एलव्हीएमलॉकडी. साधी एक्सएफएस ‘जरा सांभाळून’ दोन ठिकाणी वापरता येत नाही. हे इतक्यांदा सांगावं लागतं की मला आता त्याचं काही वाटत नाही.

अपघाताने दोन्हीकडे ॲक्टिव्हेट होऊ नये म्हणून दोन गोष्टी कराव्यात. एलव्हीएम.कॉन्फमध्ये सिस्टम आयडीचा स्रोत ‘यूनेम’ ठेवायचा आणि पेसमेकरच्या एलव्हीएम-ॲक्टिव्हेट रिसोर्सला सिस्टम आयडी पद्धत द्यायची. शिवाय बूट होताना व्हीजी आपोआप उठू नये म्हणून:

व्हीजीचेंज --सेटऑटोॲक्टिव्हेशन एन व्हीजीडेटा

रेल ७ च्या काळात हेच काम व्हॉल्यूम लिस्ट आणि टॅगने व्हायचं. क्लस्टर रेल ७ वरून वर आणताना ती जुनी ओळ कॉन्फमध्ये तशीच राहिली आहे का, तेही बघा.

काढून टाकलेली लन जी जात नाही

सीपीयू रिकामा, लोड चढत चाललाय, ‘डीएफ’ मारलं तर प्रॉम्प्ट परत येत नाही, पीव्हीएस लटकलंय. पीएसमध्ये बघा, ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या प्रक्रियांची रांग असेल. लोडमध्ये त्या मोजल्या जातात, म्हणून लोड वाढतो. मल्टीपाथ -एलएल मध्ये एखाद्या लनचे सगळे रस्ते ‘फेल्ड फॉल्टी’ दिसतील.

बहुधा स्टोरेजच्या बाजूने लन आधीच काढून घेतली आहे आणि नोडला कोणी कळवलेलं नाही. मल्टीपाथला ‘रस्ते नसतील तर रांगेत थांब’ असं सांगितलेलं असल्यामुळे तो थांबून राहतो. सुटका:

मल्टीपाथडी डिसेबलक्यूइंग मॅप जुनीव्हॉल

अडकलेल्या लिहिण्या-वाचण्याला चूक मिळते आणि प्रक्रिया सुटतात. मग मॅप काढायचा, प्रत्येक रस्ता डिलीट करायचा. योग्य क्रम खरं तर उलटा होता: अनमाउंट, व्हीजी बंद, मल्टीपाथ -एफ, प्रत्येक एसडी-डिव्हाइस डिलीट, हे दोन्ही नोडवर झाल्यावरच स्टोरेजवरून लन काढायची.

पॅसिव्ह नोड इथेही घात करतो. त्याच्यावर जुने मेलेले रस्ते पडून राहतात, आणि पुढच्या महिन्यात स्टोरेजवाले तोच लन नंबर नव्या लनला देतात. जुनं एसडी-डिव्हाइस आता वेगळ्याच डिस्ककडे बोट दाखवत असतं. लिनक्स याची सूचना लॉगमध्ये देतो, की या टार्गेटवरची लनची वाटणी बदलली आहे आणि ती मी आपोआप जुळवत नाही. ही ओळ दिसली तर बाकी सगळं सोडून आधी ती निस्तरा. आकाराच्या घोळात फार तर फेलओव्हर अडतो. इथे चुकीच्या डिस्कवर लिहिलं जाऊ शकतं.

क्लस्टरमध्ये ‘नोपाथरिट्राय’ला (रस्ते नसताना किती वाट बघायची ते ठरवणाऱ्या सेटिंगला) कायमचं ‘क्यू’ ठेवावं का, यावर दोन मतं आहेत. माझं मत नाही असं. रस्ते तुटलेला नोड कायमचा लटकून राहिला तर तो धड मरत नाही आणि धड सर्व्हिसही सोडत नाही. ठराविक आकडा द्या. पोलिंग इंटरव्हल (रस्ते पुन्हा तपासण्यामधला वेळ) मुळात ५ सेकंदांचा असतो, म्हणजे १२ दिले की साधारण मिनिटभर वाट बघून चूक परत येते. मात्र आकडा ठरवण्याआधी तुमच्या स्टोरेज कंपनीची शिफारस वाचा. कंट्रोलर बदलायला त्यांना किती वेळ लागतो यावर तो अवलंबून आहे.

रस्त्यांवरून आठवलं. पॅसिव्ह नोडचे रस्ते मोजायची सवय लावा. चारऐवजी तीन असतील तर कोणाला काही जाणवत नाही, कारण तिथे काम चालूच नसतं. महापेला रॅकपर्यंत पोचायचं म्हणजे आधी गेट पास, लॅपटॉपचा सिरियल नंबर, सोबतीला तिथला माणूस. सैल झालेली फायबर केबल पावसाळ्यात ट्रान्स-हार्बर लोकल बंद पडलेल्या रात्री बदलायची वेळ आली तर ठाण्याहून तिथवर जायचं कसं हाच पहिला प्रश्न असतो. दिवसाउजेडी, पूर्वसूचना देऊन केलेलं ते अर्ध्या तासाचं काम आहे.

रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट

हे थोडक्यात. दिसतं सगळं, पण लिहायला गेलं की ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’. डिस्कवर दुसऱ्या कोणाची तरी स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशनची किल्ली बसलेली आहे. एसजी-पर्सिस्टने नोंदलेल्या किल्ल्या आणि सध्याचं रिझर्व्हेशन वाचा. फेन्स-स्कझी किंवा फेन्स-एमपाथ (बिघडलेल्या नोडला डिस्कपासून तोडणारी साधनं) वापरत असाल तर ही किल्ली तुमच्याच क्लस्टरने मुद्दाम बसवलेली असेल. तिथे हा कॉन्फ्लिक्ट म्हणजे नोडला बाहेर काढल्याची खूण आहे, तेव्हा आधी तो का बाहेर गेला ते शोधा. लन पूर्वी मोडीत काढलेल्या एखाद्या विंडोज क्लस्टरची असेल, तर किल्ल्या मागेच राहून गेलेल्या असतात. त्या पुसता येतात, पण त्याआधी ती लन खरंच आता कोणाकडे नाही हे स्टोरेजच्या मॅपिंगवरून तपासून घ्या, आठवणीवरून नाही.

विंडोजवाल्यांसाठी एकच गोष्ट: विंडोज सर्व्हरच्या डेटासेंटर आवृत्तीत सॅन पॉलिसी मुळात ‘ऑफलाइन शेअर्ड’ असते. म्हणून नवी शेअर्ड लन दुसऱ्या नोडवर ‘ऑफलाइन’ दिसते. तो बिघाड नाही. क्लस्टरमध्ये टाकायच्या डिस्कला दोन्हीकडे हाताने ऑनलाइन करत बसू नका.

आणि जुन्या युनिक्सवर काम केलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. एआयएक्सवर हीच माहिती ओडीएममध्ये (सिस्टमच्या नोंदींच्या साठ्यात) असायची आणि दुसऱ्या नोडला ताजं करायला इम्पोर्टव्हीजी मोठ्या ‘एल’सकट मारावं लागायचं. एचपी-यूएक्सवर त्यासाठी एलव्हीएमटॅब ही फाइल असायची. व्हीजीएक्स्पोर्टने मॅप फाइल काढायची, ती दुसऱ्या नोडवर नेऊन व्हीजीइम्पोर्ट करायचं. तेव्हा ही पायरी उघडपणे वेगळी होती, त्यामुळे ती चेकलिस्टमध्ये असायची. लिनक्सवर बरंचसं आपोआप होतं, आणि जेवढं आपोआप होत नाही तेवढंच विसरलं जातं.

रोजची तुलना

यावर मला टिकाऊ वाटलेला उपाय म्हणजे दोन्ही नोडची रोज तुलना. सकाळी सातला एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक नोडवर प्रत्येक शेअर्ड लनसाठी एक ओळ काढते: डब्ल्यूडब्ल्यूआयडी, टोपणनाव, बाइटमधला आकार, चालू रस्त्यांची संख्या, आणि डिव्हाइस फाइलमध्ये नोंद आहे की नाही. डब्ल्यूडब्ल्यूआयडीने सॉर्ट करून दोन्ही फाइलींवर डिफ. फरक नसेल तर गप्प, असेल तर मेल. एसडी-नावं यात मुद्दाम घ्यायची नाहीत, ती दोन नोडवर वेगळी असणारच आणि रोज खोटा गजर होईल. आकार ‘५००जी’ अशा रूपात न घेता बाइटमध्येच घ्या. गोल केलेल्या आकड्यात छोटी वाढ लपते. टाइमआउट लावायला विसरू नका, नाहीतर लटकलेल्या लनवर स्क्रिप्टही लटकते आणि रोज एक नवी ‘डी’ प्रक्रिया जमा होत जाते.

चेंज रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये ‘सर्व्हरचं नाव’ या रकान्याऐवजी ‘लन ज्यांना मॅप आहे ते सगळे सर्व्हर’ असा रकाना करून घ्या, आणि ती यादी मागणाऱ्याने न भरता स्टोरेजच्या मॅपिंगमधून काढलेली असू द्या. डीआरचा (आपत्तीसाठी राखीव) किंवा बॅकअपचा तिसरा सर्व्हर त्याच लनवर असतो, हे पुष्कळदा तेव्हाच कळतं.

एवढं सगळं बघूनही अडलात आणि स्टोरेज किंवा ओएसच्या सपोर्टकडे केस टाकायची वेळ आली, तर दोन्ही नोडचं मल्टीपाथ -एलएल, दोन्हीकडचा सेक्टरमधला आकार, व्हीजीएस --फॉरेन, एलव्हीएमडिव्हायसेसची यादी आणि लन शेवटची बदलली त्या तारखेपासूनचा कर्नल लॉग पहिल्याच मेलला जोडा. एकाच नोडचा आउटपुट पाठवला तर त्यांचं पहिलं उत्तर दुसऱ्या नोडचा मागणारंच येणार, आणि तेवढ्यात चेंज विंडो संपलेली असते.